विश्वास आणि कार्याची गती

अनेकांनी मिळून करावयाचे कोणतेही कार्य घ्या. ते तडीस जाण्यास मनुष्यबळ लागते, द्रव्य लागते, कौशल्य लागते आणि काळ लागतो. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींचा हिशेब आपण कार्यारंभीच मांडून ठेवतो. चौथीचा मात्र सहसा कोणी मांडीत नाही. एक काम एका ठिकाणी दोन महिन्यांत पुरे होते, आणि तितकीच माणसे, तितकाच पैसा व तितकेच कौशल्य असूनही दुसऱ्या ठिकाणी तेच काम दोन वर्षे रेंगाळते. असे का व्हावे? या प्रश्नाचा माग काढीत गेले म्हणजे बहुधा एका अदृश्य गोष्टीपाशी येऊन थांबावे लागते. ती गोष्ट म्हणजे काम करणाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास.

विश्वासाविषयी आपण नेहमी बोलतो ते नीतीच्या भाषेत. विश्वास ठेवणारा सज्जन, संशय घेणारा कोत्या मनाचा, एवढ्यावर आपले विवेचन संपते. प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाकडे जरा निराळ्या बाजूने पाहणार आहोत. विश्वास असला की काम कशामुळे जलद होते, आणि तो नसला की काळ नेमका कोठे खर्ची पडतो, एवढाच प्रश्न आम्ही विचारार्थ घेतला आहे. कोरड्या तत्त्वचर्चेत न शिरता त्यासाठी इतिहासातील एक दशक समोर ठेवावयाचे आहे : इ. स. १७९५ ते १८०५. हा इतिहास इंदूर, ग्वाल्हेर व नागपूर येथील मराठी माणसाच्या घरचा आहे. तो सांगण्यात कोणत्याही घराण्याला उणे दाखविण्याचा आमचा हेतू नाही. पराक्रमाला तेव्हा कोठेच तोटा नव्हता, आणि म्हणूनच हे उदाहरण बोधप्रद आहे.

१. खर्डा : एका आज्ञेखालील बळ

हैदराबादच्या निजामाकडे मराठ्यांच्या चौथाईची बाकी थकली होती. बोलणी फिसकटली आणि युद्ध अटळ झाले. नाना फडणीसांनी सरदारांस पाचारण केले. दौलतराव शिंदे आले, तुकोजी होळकरांची फौज आली, नागपूरकर रघूजी भोसले आले, पटवर्धन तर होतेच. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ लढाई झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकून पडला, आणि काही आठवड्यांतच त्याला तह करावा लागला.

या मोहिमेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट लढाईच्या आधीची आहे. सर्व फौजांचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धन यांजकडे देण्यात आले, आणि त्यांच्याहून मोठी फौज बाळगणाऱ्या सरदारांनीही ते मान्य केले. हे सरदार एकमेकांचे मोठे स्नेही होते असे कोणी समजू नये. अवघ्या दोनच वर्षांपूर्वी, १७९३ साली, लाखेरी येथे शिंदे व होळकर यांच्या फौजा एकमेकींशी प्राणपणाने लढल्या होत्या. मग खर्ड्यास ते एका आज्ञेखाली कसे उभे राहिले? आमच्या मते याचे उत्तर असे की, त्यांचा एकमेकांवर फारसा विश्वास नसला तरी मध्यस्थावर होता. पेशव्यांची गादी व तिच्यामागील नानांची कारभारी बुद्धी ही उभयतांस मान्य असणारी जागा होती. आपल्या वाट्याचे आपल्याला मिळेल, आपली पाठ फिरताच आपला मुलूख कोणी बळकावणार नाही, याची हमी त्या जागेवरून मिळत होती.

यावरून पहिला धडा हा की, सहकार्यास प्रत्येकाचे प्रत्येकाशी प्रेम असावे लागत नाही. सर्वांना विश्वसनीय वाटेल अशी एक जागा मात्र असावी लागते. ती जागा कधी व्यक्तीची असते, कधी नियमाची असते, कधी हिशेबाच्या वहीची असते.

२. जागा ढासळते तेव्हा

खर्ड्याच्या विजयानंतर आठ महिनेही लोटले नाहीत तोच, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, तरुण पेशवे सवाई माधवराव निधन पावले. गादीच्या वारशावरून कारस्थाने सुरू झाली आणि सर्वांची भिस्त जिच्यावर होती ती जागाच ढासळली. पुढील सात वर्षांतील घटना आम्ही थोडक्यात व क्रमाने देतो. त्यांतील प्रत्येक घटना हा अविश्वासाचा एकेक नवा हप्ता आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले. वारशाच्या तंट्यात दौलतराव शिंदे यांनी काशीरावांचा पक्ष घेतला. सप्टेंबरात पुण्यात मल्हारराव होळकर शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. यशवंतराव होळकर निसटून नागपुरास गेले, तर तेथे भोसल्यांनी त्यांस कैदेत ठेवले. तेथूनही ते निसटले. त्याच वर्षाच्या अखेरीस नाना फडणीसांस शिंद्यांच्या छावणीत दग्याने पकडण्यात आले. मार्च १८०० मध्ये नाना वारले. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांच्या आज्ञेने विठोजी होळकर यांस पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला, तर ऑक्टोबरात शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले. इंदूरच्या राजवाड्याचा भाग तेव्हाच जळाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरास यशवंतरावांनी पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा मोड केला. बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईस इंग्रजांशी तह करून त्यांची फौज आपल्या संरक्षणार्थ मागितली.

वसईच्या तहाने सर्वांचेच डोळे उघडले. पेशवा इंग्रजांच्या हाती गेला म्हणजे उद्या आपणही जाणार, हे शिंदे, भोसले व होळकर या तिघांनाही कळले. हित एकच होते, शत्रू एकच होता, फौजाही तयार होत्या. नव्हता तो केवळ विश्वास.

३. सात महिने आणि पाच महिने

आता काळाचा हिशेब मांडू. जानेवारी १८०३ पासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत सात महिने होतात. या सात महिन्यांत शिंदे उज्जैनीहून बऱ्हाणपुराकडे आले, भोसले नागपुराहून निघाले, आणि जूनमध्ये उभयतांची भेट झाली. होळकरांस वळविण्यासाठी निरोपांवर निरोप चालले. त्यांचा गेलेला मुलूख परत करावा, शिंद्यांच्या ताब्यात असलेला मल्हाररावांचा लहान मुलगा खंडेराव त्यांच्या स्वाधीन करावा, अशी बोलणी झाली. परंतु ज्याचे दोन भाऊ मारले गेले, ज्याची राजधानी लुटली गेली, जो स्वतः नागपुरास कैदेत पडला होता, त्याने त्याच दोन दरबारांच्या शब्दावर आपली फौज कशी खर्ची घालावी? यशवंतराव माळव्याकडे परतले आणि पुढे काय होते ते पाहत राहिले.

त्याच सात महिन्यांत दुसऱ्या बाजूस काय झाले तेही पाहू. आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून निघून २० एप्रिलला पुण्यात पोहोचला. १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसले. जूनमध्ये गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याने दख्खनेतील युद्ध व तह या दोहोंचे पूर्ण अधिकार आर्थरला लेखी दिले. त्या काळी कलकत्त्याचे पत्र दख्खनेत पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. प्रत्येक पावलास तेथून अनुज्ञा मागत बसावे लागते तर पावसाळा निघून गेला असता. एका पत्राने ती सर्व ये-जा वाचली. तसेच विस्तृत अधिकार उत्तरेत सेनापती लेक यासही मिळाले होते.

याचा परिणाम पुढील पाच महिन्यांत दिसला. ३ ऑगस्ट रोजी इंग्रज वकील शिंद्यांची छावणी सोडून गेला. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. ४ सप्टेंबरला अलीगड, ११ सप्टेंबरला दिल्लीजवळची लढाई, २३ सप्टेंबरला असई, ऑक्टोबरात आग्रा, बऱ्हाणपूर व अशीरगड, १ नोव्हेंबरला लासवारी, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, अशी ती मालिका आहे. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा व ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी अंजनगावचा तह केला. सात महिन्यांत ज्यांची बोलणी पुरी झाली नव्हती, त्यांच्या दोन राज्यांचे युद्ध पाच महिन्यांच्या आत संपून गेले.

शौर्य कमी पडले काय? मुळीच नाही. असईस शिंद्यांच्या गोलंदाजांनी आपल्या तोफा सोडल्या नाहीत. तोफेपाशीच ते पडले. ही गोष्ट शत्रूनेही मान्य केली आहे. परंतु त्याच रणांगणावर असलेल्या विशाल घोडदळाचा मोठा भाग लढाईत उतरलाच नाही. पलटणींवरील गोऱ्या अंमलदारांची तर निराळीच कथा. इंग्रजांनी जाहीरनामा काढून पेन्शनचे आमिष दाखविताच त्यांतील कित्येक चाकरी सोडून गेले, आणि उत्तरेचा मुख्य सेनापती पेरॉन हा सप्टेंबरच्या आरंभीच इंग्रजांच्या आश्रयास गेला.

याच्या अगदी उलट गोष्ट वेलस्लीच्या छावणीत दिसते. असईच्या दोनच दिवस आधी त्याने व कर्नल स्टीव्हनसन याने फौज दोन वाटांनी नेण्याचे ठरविले. मध्ये डोंगर होते आणि एकाला दुसरा दिसणार नव्हता. ठरल्या दिवशी पलीकडचा येईल, हा भरवसा नसता तर हा बेत कोणी केला नसता. स्टीव्हनसन लढाईनंतर पोहोचला हे खरे. पण तो येत आहे या खात्रीवरच सर्व हालचाल चालली होती.

पुढे एप्रिल १८०४ मध्ये होळकरांशी युद्ध सुरू झाले. यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेस मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत मागे रेटीत नेले. कंपनीच्या फौजेची अशी दाणादाण तोवर क्वचितच झाली होती. हेच बळ आठ महिने आधी शिंदे-भोसल्यांच्या जोडीस उभे राहते तर? परंतु आता शिंदे व भोसले तहाने बांधले गेले होते. होळकर एकाकी लढले आणि २४ डिसेंबर १८०५ रोजी त्यांनाही राजघाटचा तह करावा लागला. तिघांचे बळ वाया गेले असे म्हणता येणार नाही. ते एका वेळी लागण्याऐवजी एकामागून एक खर्च झाले, हेच या दशकाचे खरे दुःख आहे.

इंग्रज अधिक सद्गुणी होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आर्थर हा रिचर्डचा सख्खा भाऊ होता, तेव्हा तो विश्वास पुष्कळसा घरचाच होता. आणि कंपनीच्या संचालकांचा रिचर्डवरील भरवसा उडताच १८०५ साली त्यालाही परत बोलावण्यात आले व त्याचे धोरण तेथेच थबकले. म्हणजे नियम सर्वांस सारखाच लागू आहे : विश्वास असेपर्यंत गती, तो सरला की खोळंबा.

४. अविश्वास काळ कोठे खातो

वरील वृत्तांत समोर ठेवून विचार केला तर अविश्वासाने काळ खर्च होण्याच्या चार वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट हमीची. विश्वास असला की मनुष्य काम करतो आणि मग हिशेब मागतो. विश्वास नसला की तो आधी हमी मागतो. हमी देणाऱ्यासही विश्वास नसतो, म्हणून तो प्रतिहमी मागतो. ‘आधी मुलूख द्या, मग फौज देतो’ आणि ‘आधी फौज द्या, मग मुलूख देतो’ या दोन वाक्यांमध्ये १८०३ चा सबंध उन्हाळा गेला.

दुसरी वाट निरोपाच्या अर्थाची. विश्वासातील माणसाचे पत्र एकदाच वाचावे लागते. ज्याच्याविषयी संशय आहे त्याचे पत्र चार वेळा वाचावे लागते, चौघांस दाखवावे लागते, आणि ‘असे लिहिले आहे, पण मनात काय असेल?’ याचा खल करावा लागतो. उत्तरही तसेच तोलून मापून लिहावे लागते. मग एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते.

तिसरी वाट राखून ठेवलेल्या बळाची. सोबत्यावर विश्वास नसेल तर मनुष्य आपले सर्व सामर्थ्य कामास लावीत नाही. थोडे सोबत्यावर पहारा करण्यास मागे ठेवतो. सर्वांनीच असे केले म्हणजे कागदावर शंभर हात दिसतात, पण कामास पन्नासच लागतात. ही तूट कोणत्याही वहीत लिहिली जात नाही, म्हणून ती सर्वांत फसवी आहे.

चौथी वाट वाट पाहण्याचीच. ‘तो काय करतो ते पाहू’ असे प्रत्येकाने म्हटले म्हणजे कोणीच काही करीत नाही. संशयी मनुष्य आळशी नसतो, पुष्कळदा तो फार दक्ष असतो. परंतु त्याची सारी दक्षता कामावर नसून सोबत्यावर असते.

५. आंधळा विश्वास व डोळस विश्वास

येथे कोणी म्हणेल की, तर मग डोळे मिटून विश्वास टाकावा काय? त्याचेही उत्तर याच इतिहासात आहे. नाना फडणीसांसारखा सावध पुरुष डिसेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या छावणीत गेला तो मायकेल फिलोज नावाच्या परकी अंमलदाराने दिलेल्या शब्दावर. परत येण्याची हमी त्या शब्दाखेरीज दुसरी नव्हती. शब्द मोडला आणि नाना कैदेत पडले. या एका घटनेने नुसते नानांचे नुकसान झाले नाही. त्यानंतर पुण्यात कोणाच्याही शपथेला किंमत उरली नाही. १८०३ साली होळकरांनी शपथांवर विसंबू नये हे तेव्हाच ठरून गेले होते. मोडलेल्या एका वचनाचे व्याज असे पुढील सर्वांस, ज्यांनी वचन मोडले नाही त्यांसही, भरावे लागते.

यास्तव विश्वास डोळस हवा. डोळस विश्वास म्हणजे मनात थोडा संशय ठेवून केलेले सहकार्य नव्हे. कामाच्या आधी सर्वांनी मिळून नियम ठरवावयाचे, आणि एकदा ठरल्यावर कामाच्या मध्ये एकमेकांस अडवावयाचे नाही, याचे नाव डोळस विश्वास. नियम आधी, मोकळीक मागाहून, आणि शेवटी उघड हिशेब, हा त्याचा क्रम आहे.

आमच्या घरी पूजेची परंपरा असल्यामुळे या गोष्टीचे एक नित्याचे उदाहरण आमच्या परिचयाचे आहे. जेथे पूजेच्या पाळ्या असतात तेथे पाळी बदलताना देवाचे दागिने, उपकरणी, समया, ताम्हने यांची यादीवरून मोजदाद होते. देणारा मोजून देतो, घेणारा मोजून घेतो. सख्खे भाऊ असले तरी मोजणी चुकत नाही, आणि तिचा राग कोणी मानीत नाही. का? कारण ती मोजणी अमुक एका व्यक्तीविषयी संशय आला म्हणून होत नसते; ती सर्वांसाठी सारखी असते आणि ठरल्या वेळी होते. एकदा मोजणी झाली की पुढील पाळीभर गाभाऱ्यात कोणी डोकावून ‘समई जागेवर आहे ना?’ असे विचारीत नाही. मध्येच मोजणे हा अविश्वास. ठरल्या वेळी मोजणे हा विश्वासाचा पाया. हा भेद ज्या संस्थेला उमगला तिचे अर्धे तंटे मिटले असे समजावे.

याच तत्त्वाचे मोठे उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली आहेत. २०२० च्या महामारीपूर्वी त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात सांगितली जात असे. घरातून निघालेला डबा कचेरीत पोहोचेपर्यंत अनेकांच्या हातांतून जातो. प्रत्येक हाताने डबा देताना पावती लिहून घ्यावयाची म्हटली तर दुपारचे जेवण रात्री पोहोचेल. पावतीऐवजी डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली खूण असते : कोणत्या स्थानकावरून आला, कोठे उतरावयाचा, कोणती इमारत, कितवा मजला. खुणेचा अर्थ सर्वांस ठाऊक. म्हणून चौकशी नको, पुन्हा तपासणी नको. एका गटातील मंडळी मिळकतही आपसांत वाटून घेतात, म्हणून एकाचा डबा चुकला तर नुकसान सर्वांचे. खूण, वाटणी आणि वक्तशीरपणा या तिन्हींवर त्यांचा विश्वास उभा आहे, गोड शब्दांवर नव्हे.

तिसरे उदाहरण बडोद्याचे. १८८९ साली तेथे विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात १९०४ साली झाला. त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पाठीशी कायदा नसताना बडोद्यातील मराठी कुटुंबांनी थोडेथोडे द्रव्य एकत्र करून एकमेकांची नड भागविण्यास आरंभ केला. ‘अन्योन्य’ या नावातच त्यांचे तारण होते. परदेशी म्हणता येईल अशा मुलखात स्थायिक झालेल्या आपल्या पूर्वजांनी परस्परविश्वासावर केवढे काम उभारले होते, याची ही साक्ष आहे.

६. आपल्या मंडळांपुरते

हा सर्व ऊहापोह आम्ही केला तो केवळ इतिहासाच्या आवडीने नव्हे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या समाजाची देवळे, वाचनालये, मराठी शाळा, गणेशोत्सव मंडळे व सभागृहे ही सर्व अनेकांनी मिळून चालवावयाची कामे आहेत. त्यांतील कित्येकांची आजची स्थिती काय आहे? सभामंडपाचे छप्पर गळते. दुरुस्तीचा ठराव होतो. तीन अंदाजपत्रके मागविली जातात. एक पक्ष म्हणतो तुमच्या ओळखीचा कंत्राटदार नको, दुसरा म्हणतो तुमच्याही नको. चौथे अंदाजपत्रक येईपर्यंत पावसाळा येतो. पुढील वर्षी तेच छप्पर दुप्पट गळते आणि खर्चही वाढलेला असतो. इतिवृत्ताची वही जाड होत जाते आणि भिंती झिजत जातात. या प्रकारात पैसे कोणी खाल्लेले नसतात. काळ मात्र सर्वांनी मिळून खाल्लेला असतो.

याचे एक विशेष कारण आमच्या ध्यानात येते. आपल्या जुन्या पिढीचा विश्वास ओळखीवर उभा होता. एकाच वाड्यात, एकाच आळीत तीन-तीन पिढ्या नांदलेल्या. कोणाचा शब्द कसा हे सर्वांस ठाऊक. तेव्हा नियम लिहिले नसले तरी चालत असे. आता वाडे गेले, मुले नोकरीनिमित्त दूर गेली, आणि नोकरीसाठीच दुसऱ्या गावांहून नवी मराठी कुटुंबे आपल्या शहरांत आली. त्यांस जुन्यांची ओळख नाही, जुन्यांस त्यांची नाही. ओळखीवरील विश्वास असा विरत चालला असता नियमांवरील विश्वास आपण अद्याप उभारलेला नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीतच आपली कामे अडकून पडली आहेत. नवीन मनुष्य उत्साहाने येतो, दोन सभांस बसतो, प्रत्येक वाक्यामागे दुसरा अर्थ शोधला जात असलेला पाहतो, आणि तिसऱ्या सभेस येत नाही. मोडलेले छप्पर पुन्हा घालता येते. असा निघून गेलेला तरुण सहसा परत येत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. कार्यारंभीच खर्चाची मर्यादा ठरवून एका व्यक्तीस किंवा लहान समितीस पूर्ण अधिकार द्यावेत. त्या मर्यादेच्या आत तिला पावलोपावली विचारू नये. हिशेब दाखविण्याचा दिवस आधीच ठरवावा, आणि त्या दिवशी तो मागितल्याशिवाय सर्वांपुढे ठेवावा, फलकावर लावावा. दानपेटी उघडण्याची वेळ व साक्षीदार कायमचे नेमलेले असावेत, म्हणजे ती कोणी उघडली याची कुजबूज उरत नाही. नव्या सभासदास एकदम मोठे काम न देता लहान काम द्यावे, पण ते पूर्णपणे त्याचे असावे. फुलांच्या सजावटीची जबाबदारी दिली तर हारवाल्याशी भाव कोणी करावा हेही त्यालाच ठरवू द्यावे. लहान वचने पाळली गेली म्हणजे मोठ्या वचनांस आपोआप वजन येते. आणि ज्यांच्यात पूर्वीचे तंटे आहेत त्यांनी गळ्यात गळे घालण्याची वाट पाहू नये. उभयतांस मान्य होईल अशी एक जागा, मग ती एखादी वडीलधारी व्यक्ती असो की एक लेखी नियम, शोधून कामास लागावे. खर्ड्यास हेच झाले होते.

पेशवाईतील त्या तीन सरदारांस एकमेकांवर विश्वास न ठेवण्यास सबळ कारणे होती. भावांचे रक्त सांडले होते, शहरे जळाली होती. आपल्या मंडळांतील तंटे एखाद्या जुन्या शब्दाचे, मानापानाचे, खुर्चीच्या रांगेचे असतात. त्यांच्यापुढे जे दुस्तर होते ते आपणांपुढे तितके दुस्तर नाही. एवढे ओळखून येत्या सभेत निदान एक काम एका माणसावर पूर्णपणे सोपवून पाहावे, आणि ठरल्या दिवसापर्यंत त्याला एकही प्रश्न विचारू नये, अशी आमची विनंती आहे.

मननासाठी प्रश्न

१. खर्ड्याच्या मोहिमेत सरदारांचा विश्वास परस्परांवर होता की मध्यस्थावर? आपल्या संस्थेत अशी सर्वमान्य जागा कोणती?

२. ‘मध्येच मोजणे’ व ‘ठरल्या वेळी मोजणे’ यांतील भेद आपल्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

३. अविश्वासाने काळ खर्च होण्याच्या चार वाटांपैकी कोणती आपल्याकडे अधिक दिसते?

४. होळकरांनी १८०३ साली शिंदे-भोसल्यांवर विश्वास ठेवावयास हवा होता काय? ठेवावा असे वाटण्यासाठी शिंदे-भोसल्यांनी आधी काय करावयास हवे होते?

५. आपल्या मंडळाचे रखडलेले एक काम घ्या. त्यात पैशाची अडचण किती, माणसांची किती आणि विश्वासाची किती, याचा प्रामाणिक हिशेब मांडा.